गार कोणाच्या वावरात पडते?



आयोजकांनी मला विषय दिला आहे ‘अंधश्रद्धा आणि निरनिराळ्या संस्कृतींतली तिची जागा’. विषय एवढा मोठा आहे की तत्त्वज्ञानाचा मास्तर त्यात स्वतः हरवतो आणि श्रोत्यांनाही हरवून टाकतो. म्हणून आज मी एकच गोष्ट हातात धरून बोलणार आहे. ती म्हणजे गार. फेब्रुवारी-मार्चात गहू-हरभरा सोंगणीला आलेला असताना आपल्या वाशीम जिल्ह्यात पडते ती गार. ती जर्मनीतही पडते, इटलीतही पडते. ती पडल्यावर किंवा पडू नये म्हणून कुठल्या माणसांनी काय काय केलं, एवढंच आपण बघू. त्यातून विषयाचं जे काही हाती लागेल ते लागेल.

आधी गारेचा स्वभाव समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दुष्काळ पडतो तेव्हा तो गावावर पडतो. पाटलाची विहीर आटते आणि मजुराचा हंडाही रिकामा राहतो. कमी-जास्त सोसावं लागतं, पण आभाळ सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच कोरडं असतं. गारेचं तसं नाही. उंच वाढलेल्या ढगात वर चढणारी हवा पाण्याचे थेंब गोठवत नेते, त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात, आणि वजन पेलेनासं झालं की ते खाली येतात. हा ढग पुढे सरकत असतो, म्हणून गार एका पट्ट्यात पडते. हा पट्टा अरुंद असू शकतो. बांधाच्या अलीकडचा गहू झोपलेला आणि पलीकडचा उभा, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दुष्काळ मोजून-मापून येत नाही. गार मात्र निवडून आल्यासारखी वाटते. ‘वाटते’ हा शब्द लक्षात ठेवा.

आता वऱ्हाडात या भीतीचं काय केलं गेलं ते पाहू. आपल्याकडे गारपगारी नावाची माणसं होती. तरुण मंडळींनी हे नाव कदाचित ऐकलं नसेल, पण इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ते माहीत असेल. नाथपंथी परंपरेतला हा समाज नागपूर-वर्ध्यापासून वऱ्हाडापर्यंतच्या गावांत होता, आणि गावावरची गार टाळणं हे त्याचं वंशपरंपरागत काम होतं. सुतार औत नीट करतो, न्हावी दाढी करतो, तसा गारपगारी गार थांबवतो, असा तो हिशेब. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ लिहिला. १९१६ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात गारपगाऱ्यांवर स्वतंत्र टिपण आहे. आभाळ तांबडं-काळं झालं की हा माणूस हातात तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राहायचा. आधी विनवणी करायचा. ढग हटले नाहीत तर देवाला धमकी द्यायचा की मी इथेच जीव देतो. कधी बायको-पोरंही देवळापुढे येऊन उभी राहायची. पूर्वी तो स्वतःच्या अंगावर वारही करून घ्यायचा, असं त्या काळी सांगितलं जाई.

आमच्या गावचे म्हातारे सांगायचे की गार पडली नाही तर खळ्यावर गारपगाऱ्याला सूपभर धान्य मिळायचं, आणि पडली तर त्याचं सूप त्या वर्षी रिकामं जायचं.

आता तुम्ही म्हणाल, सर, ही तर उघड अंधश्रद्धा आहे. आहेच. तलवारीने ढग हटत नाही आणि मारुती कुणाच्या धमकीला भीत नाही. तरी या व्यवस्थेत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. गावाने आपली भीती एका माणसाच्या हवाली केली होती. त्याच्याकडे ते काम होतं, त्याला त्याचे दाणे मिळत होते. काम फसलं तर त्याचं नुकसान ठरलेलं होतं, आणि ते नुकसान सूपभर धान्याचं होतं. त्याला कुणी जाळत नव्हतं.

हे मी का सांगतोय? कारण हीच गार दुसरीकडे पडली तेव्हा काय झालं ते आता बघायचं आहे.

दक्षिण जर्मनीत वीझेनश्टाइग नावाचं एक छोटं गाव आहे. १५६२ सालच्या ऑगस्टमध्ये त्या मुलखावर गारांचं मोठं वादळ आलं आणि उभी पिकं गेली. लोकांनी विचारलं, ही गार आणली कुणी? प्रश्नात ‘कुणी’ आला की उत्तरात माणूस येतोच. बायकांना पकडलं, छळ करून कबुलीजबाब घेतले. त्या लाटेत वीझेनश्टाइगमध्ये ६३ बायकांना चेटकीण ठरवून मारलं गेलं. एकट्या त्या गावात ६३! आणि हा प्रकार तिथेच संपला नाही. पंधराव्या ते अठराव्या शतकात युरोपात चेटकिणीच्या आरोपाखाली सुमारे चाळीस ते पन्नास हजार माणसं मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या.

या कथेत एक माणूस मला फार अस्वस्थ करतो. योहानेस ब्रेन्झ हा त्याच मुलखातला मोठा लुथरन धर्मोपदेशक. त्याने १५३९ मध्येच प्रवचनात सांगितलं होतं की गार देव पाठवतो, चेटकिणीच्या अंगात ती पाडण्याची ताकद नाही. त्या काळाच्या मानाने हे किती शहाणपणाचं बोलणं होतं! म्हणजे गारेचं कारण त्या बाईकडून काढून घेतलं गेलं. आता ती सुटायला हवी होती. पण ब्रेन्झ पुढे म्हणाला की तिने गार पाडलेली नसली तरी तिच्या मनात वाईट आहे, तेव्हा शिक्षा योग्यच. योहान वायर नावाच्या वैद्याने १५६३ मध्ये या छळाविरुद्ध ग्रंथ लिहिला आणि नंतर ब्रेन्झला पत्र पाठवून हेच विचारलं: बाईने काही केलेलंच नाही असं तुम्हीच सांगता, मग तिला मारायचं कशासाठी?

मला कळायला लागलं तेव्हापासून आम्ही एक सूत्र ऐकत आलो: अज्ञान गेलं की अंधश्रद्धा जाईल. आयुष्यभर मी हेच शिकवलं. ब्रेन्झ मला सांगतो की हे सूत्र अपुरं आहे. कारणाविषयीचं अज्ञान गेलं, तरी आरोप जागेवरच राहिला. असं का होतं, त्याकडे मी परत येणार आहे. त्यासाठी मला आमच्या गावात जावं लागेल, आणि ते मला जरा जड जातं. म्हणून आधी थोडा हलका भाग घेऊ.

अंधश्रद्धा म्हणजे अडाणी, अशिक्षित, खेड्यातली गोष्ट, असा आपला एक समज आहे. युरोपात वादळ आलं की चर्चच्या घंटा वाजवत. त्या नादाने वीज आणि गार फुटते, अशी समजूत होती. उंच मनोरा, वर धातूची घंटा, खाली ओला दोर धरलेला माणूस! जर्मनीत १७८४ साली छापलेल्या एका पुस्तकात तेहेतीस वर्षांत शंभराहून अधिक घंटा वाजवणारे विजेने मेल्याची नोंद आहे. पुढे विज्ञानाचं युग आलं. १८९६ साली आजच्या स्लोव्हेनियात, तेव्हाच्या ऑस्ट्रियात, श्टीगर नावाच्या एका नगराध्यक्षाने द्राक्षमळे वाचवायला तोफ काढली. नरसाळ्यासारखी लोखंडी नळी आभाळाकडे तोंड करून उभी करायची, बार उडवायचा आणि धुराचं कडं वर सोडायचं, म्हणजे गार होत नाही. योगायोगाने पहिल्या वर्षी गार पडली नाही. झालं! तीन-चार वर्षांत उत्तर इटलीत अशा हजारो तोफा उभ्या राहिल्या, त्यांच्यावर परिषदा भरल्या, विद्वानांची भाषणं झाली. आमचा गारपगारी तलवार घेऊन उभा होता आणि त्यांचा तोफ घेऊन. त्यांच्याकडे छापील अहवाल होता, एवढाच फरक. (हशा)

हसा, पण पुढचं ऐका. खरा फरक पुढे आहे. १९०२ पासून दोन सरकारांनी, ऑस्ट्रियाच्या आणि इटलीच्या, ठरवून परीक्षा घेतली. दोन प्रदेश निवडले, भरपूर तोफा लावल्या, नियमाने बार उडवले आणि वाट पाहिली. दोन्ही ठिकाणी गार पडली. मग हे वेड ओसरलं. कायमचं नाही गेलं. हिमाचलात सफरचंदाच्या बागांसाठी अलीकडच्या काळात गारविरोधी तोफा बसवल्या गेल्या आहेत, आणि जागतिक हवामान संघटनेच्या मते अशा तोफांना वैज्ञानिक आधार नाही. मला एवढंच म्हणायचंय की विज्ञान म्हणजे तोफ नव्हे. तोफ तलवारीचीच बहीण आहे. तोफ फसली की नाही हे आधी ठरवलेल्या कसोटीवर तपासणं आणि फसली तर तसं जाहीर सांगणं, याला विज्ञान म्हणतात.

आता दुष्काळाकडे वळू, कारण तिथली चाल वेगळी आहे. मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या चालल्या की आपल्याकडे धोंडी निघते. अंगाला कडुनिंबाचा पाला बांधलेली पोरं, मुसळाला बांधलेला बेडूक, दारोदार अंगावर ओतलेलं पाणी आणि झोळीत पडलेले दाणे. विटगेनस्टाइन नावाचा तत्त्वज्ञ होता. फ्रेझरचा जादू-धर्मावरचा ग्रंथ वाचताना त्याने एक साधी गोष्ट टिपली. पाऊस पाडणाऱ्या राजाकडे लोक पावसाळ्याच्या तोंडावर जातात, कोरड्या महिन्यांत जात नाहीत. राजा खरोखर पाऊस पाडतो असं त्यांना वाटत असतं, तर ते कोरड्या महिन्यांतच गेले नसते का? मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमची धोंडी आठवली. चैत्रात कधी कुणी धोंडी काढलेली पाहिलीत? सगळ्यात जास्त पाणी तेव्हाच लागतं! पण नाही काढत. धोंडी आषाढात निघते, पाऊस यायला हवा आणि येत नाही तेव्हा. म्हणजे काय, तर गाव मिळून वाट बघतं आणि त्या वाट बघण्याला एक रूप देतं. त्यात बेडकाचे हाल होतात हे खरं, ते थांबवावेत. पण धोंडी कुणा माणसावर बोट दाखवत नाही.

म्हणून मला असं दिसतं की सगळ्यांवर सारखी पडणारी भीती बहुधा माणसांना एकत्र आणते. निवडून पडल्यासारखी वाटणारी भीती मात्र विचारते, मीच का? आणि त्यापाठोपाठ विचारते, ती का नाही? स्पिनोझाने १६७० मध्ये लिहून ठेवलं आहे की अंधश्रद्धेचा उगम भीतीत आहे. मी त्यात एवढीच भर घालीन की ती भीती कशी वाटली गेली आहे, तेही बघा.

आता आमच्या गावात जाऊ.

साल १९६० च्या आसपासचं. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता. इंग्रजांच्या काळात बासीम नावाचा जिल्हा होता, तो १९०५ मध्ये मोडला. १ जुलै १९९८ ला आपला जिल्हा परत झाला. मधली सगळी वर्षं आम्ही अकोल्याचे. मी नऊ-दहा वर्षांचा होतो. होळीच्या आधी गार पडली. लिंबाएवढी होती. मी आणि माझ्या बहिणीने ती परातीत गोळा करून खाल्ली, हे मला आधी आठवतं. आजी परात हिसकावून घेऊन रडली, ते नंतर आठवतं. आमचा गहू गेला होता.

गावात गारपगाऱ्याचं एक घर होतं. म्हातारा तेव्हा लोकांच्या वावरात मजुरीला जायचा. तलवारबिलवार काही राहिलं नव्हतं. पोरांनी त्याला चिडवलं, मोठी माणसं हसली, तोही हसला. मामला तिथेच संपला.

आमच्या बांधाला लागून एका विधवा काकूंचं चार एकर वावर होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या वर्षी गारेचा पट्टा बांधापर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्यांचा हरभरा जसाच्या तसा उभा. पहिले आठ दिवस लोक म्हणाले, नशीबवान आहे बाई. मग पारावर कुणीतरी म्हणालं, “तिच्याच वावरात कशी नाई पडली बा?” एवढंच. पुढे कुणी काही स्पष्ट बोललं नाही. त्यांना मारलं नाही, शिवीही दिली नाही. आजीने मला त्यांच्याकडे विरजणाला पाठवणं बंद केलं. बायका विहिरीवर त्यांची घागर भरून होईपर्यंत थांबायला लागल्या. कुणाचं वासरू मेलं तर त्यांचं नाव निघायला लागलं. दोन वर्षांत काकू हिंगोलीकडे भावाकडे निघून गेल्या आणि परत आल्या नाहीत. वावर दिराकडे गेलं. दिराने ते बटईला दिलं, आणि बटईने केलं आमच्या वडिलांनी.

माझं शिक्षण अकोल्याला झालं. खोलीचं भाडं आणि खानावळ त्या वावरातल्या कापसावरही चालली. तेव्हा मला हे कळत नव्हतं असं म्हणायला आवडलं असतं. पण कॉलेजात गेल्यावर कळत होतं.

वडील सातवी शिकलेले, रोज पेपर वाचणारे. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांना विचारलं, तुमचा करणीवर विश्वास होता का? ते म्हणाले, “छे! गार कुणाच्या सांगण्याने पडते का?” मग तुम्ही पारावर तसं बोलला का नाहीत? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बटई होती ना.”

ब्रेन्झची आठवण होते? माझ्या वडिलांचा विश्वास नव्हता. दिराचा तरी होता का, मला शंका आहे. आमच्या घरात एकट्या आजीचा असेल. ज्यांचा विश्वास नव्हता त्यांनी फायदा घेतला, आणि जिचा होता तिने फक्त विरजण बंद केलं. मी चाळीस वर्षं वर्गात श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांच्या व्याख्या करत राहिलो. त्या व्याख्यांत दीर कुठेच नव्हता, आणि बटईही नव्हती.

म्हणून महाराष्ट्राच्या कायद्याची एक गोष्ट मला पटते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. अनेक वर्षं रखडलेल्या कायद्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला, आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात तो कायदा मंजूर झाला. त्याचं लांबलचक नाव वाचा: महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध व समूळ उच्चाटन करण्याबाबतचा अधिनियम. त्या नावात ‘अंधश्रद्धा’ हा शब्दच नाही! तुम्ही मनात काय मानता हे कायदा विचारत नाही. तो बारा प्रकारची कृत्यं अनुसूचीत सांगतो. एखाद्या व्यक्तीला करणी किंवा जादूटोणा करणारी ठरवून तिचं जगणं मुश्किल करणं, हे त्यात आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि गुन्हा अजामीनपात्र. म्हणजे माझ्या आजीच्या मनाला कायदा हात लावत नाही. पारावरच्या त्या वाक्याचं पुढे जे झालं, त्याला मात्र लावू शकतो. पण त्यासाठी कुणीतरी उठून बोलावं लागतं. कायदा आपण होऊन विहिरीवर येत नाही.

आणि भीतीचं काय? ती तर आजही आहे. २०१४ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारेने काय केलं ते तुम्ही पाहिलंय. आज आपल्याकडे पीकविमा आहे. माझ्या मते विमा ही तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार सुंदर कल्पना आहे. गार ज्याच्या वावरात पडली त्याचं नुकसान ज्याच्या वावरात पडली नाही तोही थोडंथोडं उचलतो. निवडून पडणारी भीती सारखी वाटून घ्यायची ही व्यवस्था. ती नीट चालली तर ‘तिच्याच वावरात कशी नाई पडली’ हा प्रश्न विचारायची गरज उरत नाही. २०२५ च्या खरिपाआधी नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवायचं असे, हे तुम्हाला पाठ आहे. पूर्वी आभाळ तांबडं झालं की गारपगारी मारुतीपुढे उभा राहायचा. नंतर गार पडून गेल्यावर शेतकरी रेंज मिळावी म्हणून त्याच मारुतीच्या ओट्यावर चढायचा. (हशा) ही व्यवस्था जिथे कच्ची राहील तिथे जुना प्रश्न परत येईल. नुसत्या प्रबोधनाने तो थांबणार नाही, हे मी आता अनुभवाने सांगतो.

तरुण कार्यकर्ते मला विचारतात, सर, कुठली समजूत सोडून द्यायची आणि कुठल्या समजुतीशी भांडायचं? मी त्यांना दोन प्रश्न देतो. या समजुतीची किंमत कोण मोजतं? आणि ज्याला मोजावी लागते, त्याला ‘नाही’ म्हणायची सोय आहे का? दारावर लिंबू-मिरची टांगणाऱ्याशी गप्पा मारा, चहा प्या, हळूहळू पटवा. गाडगेबाबा कीर्तनात तेच करत. आपल्याच अमरावती जिल्ह्यातला हा माणूस प्रश्न विचारायचा आणि उत्तर समोरच्यांकडून वदवून घ्यायचा. त्यांनी माणसाला कमी लेखलं नाही. पण जिथे किंमत दुसराच मोजतोय, आणि तोही गप्प बसून, तिथे गप्पांची वेळ नसते.

आमच्या गावाने म्हाताऱ्या गारपगाऱ्याची भरपूर थट्टा केली. ते सोपं होतं, आणि त्यामुळे आम्हाला आपण सुधारलेले आहोत असं वाटलं. त्याच महिन्यात काकूंची बाजू घेऊन पारावर एक वाक्य बोलायला आमच्यातला एकही जण उठला नाही. मी लहान होतो, ठीक आहे. पण पुढे साठ वर्षं मी लहान नव्हतो. हे मी जाहीरपणे आज पहिल्यांदा बोलतोय.

तुमच्या गावात असं एखादं घर असेल, जिथे बायका विरजणाला जात नाहीत. आज परत गेल्यावर तिथे जा आणि विरजण मागा.